पार्श्वभूमी : बंदी गोळीवर, बदनामी माहुआंगची

दम्यावरच्या चिनी औषधांत माहुआंगचे, म्हणजे एफेड्रा या झुडपाच्या काड्यांचे, नाव सर्वात जुन्यांपैकी एक. सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या ग्रंथातली कृती अशी : काड्यांची पेरे काढायची, आधी एकटे माहुआंग उकळायचे, वर आलेला फेस काढून टाकायचा आणि मगच दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, जर्दाळूच्या बिया व ज्येष्ठमध घालायचे. काढा घेऊन पांघरूण ओढायचे, अंगाला हलका घाम सुटला की पुढचा डोस बंद. ज्याचा घोळणा वारंवार फुटतो, त्याला घाम आणू नये, असेही तिथे बजावले आहे. मुळी मात्र नेमकी उलट, घाम थांबवणारी.

१८८५ मध्ये जपानमध्ये या काड्यांतून एफेड्रिन हे औषधी द्रव्य वेगळे झाले. १९२४ मध्ये पेकिंगमधल्या (आजचे बीजिंग) संशोधनाने ते जगभर पोहोचवले. तोवर दम्यावर अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन घ्यावे लागे आणि परिणाम लवकर ओसरे. एफेड्रिन तोंडाने घेता येई आणि जास्त वेळ टिके.

खरा गुंता पुढे झाला. १९९४ च्या अमेरिकी कायद्याने पूरक आहाराच्या गोळ्यांना विक्रीपूर्व परवानगीची गरज उरली नाही. वजन उतरवणाऱ्या गोळ्यांत एफेड्राचा अर्क कॅफिनसोबत भरला जाऊ लागला आणि डबीवर ‘माहुआंग’ छापले गेले. ना फेस काढलेला, ना नाडी पाहणारा वैद्य, ना घाम सुटताच थांबण्याची सूचना. नाव तेवढे जुने. फेब्रुवारी २००३ मध्ये २३ वर्षांचा एक बेसबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात एफेड्रा आढळले आणि सगळा देश हादरला. १२ एप्रिल २००४ पासून एफेड्रा अल्कलॉइड (एफेड्रिनसारखी द्रव्ये) असलेल्या पूरक गोळ्यांवर अमेरिकेत बंदी आली. रक्तदाब आणि हृदयाचा धोका खरा होता, त्यामुळे ही बंदी मला योग्यच वाटते.

वाद मात्र मिटला नाही. २००५ मध्ये युटा या अमेरिकी राज्यातल्या न्यायालयाने १० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेपुरती बंदी उचलली. २००६ मध्ये वरच्या न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. या गदारोळात नियमातली एक ओळ झाकोळली : पारंपरिक आशियाई वैद्यकातला वापर बंदीत येत नाही. व्यवहारात पुरवठादारांनी हात आखडता घेतला आणि चिनी वैद्यांना काड्या मिळणे मुश्कील झाले. शिक्षा गोळीला व्हायला हवी होती, ती वनस्पतीलाही झाली. याचे मला फार वाईट वाटते.

चीनमध्ये अडचण वेगळी होती. बेसुमार उपटण्याने गवताळ जमीन वाळवंट होऊ लागली, म्हणून २००० मध्ये माहुआंग आणि ज्येष्ठमध खणण्यावर निर्बंध आले.

एफेड्रिनचा दुसरा डाग मेथॅम्फेटामाइन या अमली पदार्थाचा; ते त्यातून सहज बनते. एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरच्या एका कारखान्यातून सुमारे १८.५ टन एफेड्रिन जप्त झाले, तेव्हा हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्या बातम्यांत दम्याचा उल्लेख क्वचितच होता.

२०२० मध्ये कोविडसाठी चीनमध्ये वापरलेल्या काढ्यांत आणि कॅप्सुलांत माहुआंग पुन्हा होते. त्यांपैकी एका प्रसिद्ध कॅप्सुलची डबी ऑस्ट्रेलियात नेता येत नाही. घटकांच्या यादीतले माहुआंग हेच त्याचे कारण.