दचकलेले हात कुठे जातात? क्राव मगा शिकताना कळलेलं विज्ञान

गेल्या वर्षी नवरात्राच्या चार दिवस आधीची गोष्ट. बडोद्याच्या मंगळ बाजारात भाचीच्या चणिया चोळीसाठी लेस बघत उभी होते, गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही, आणि मागून कुणीतरी खांद्यावरची पर्स जोरात ओढली. मी ओरडले नाही, वळले नाही, काही ठरवलंच नाही. दोन्ही हात कोपरात वाकून झटकन तोंडासमोर आले, खांदे कानांना टेकले, डोळे गच्च मिटले. मग कळलं की पर्सचा पट्टा एका काकूंच्या पिशवीच्या कडीत अडकला होता आणि त्या आपल्या पुढे निघाल्या होत्या, बस एवढंच. पण रात्री झोपताना ते हात काही डोक्यातून जाईनात. मी त्यांना वर जायला सांगितलं नव्हतं, मग सांगितलं कुणी?

उत्तर मिळालं दांडिया बाजारातल्या एका हॉलमध्ये, क्राव मगा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीच्या संध्याकाळच्या क्लासला, जिथे भाचीने मला जवळजवळ ओढतच नेलं. पहिल्याच दिवशी सर बोलता बोलता आमच्या मागे गेले आणि हातातलं जाड पॅड फरशीवर धाडकन आपटलं. आम्ही अठरा जणी, कॉलेजच्या पोरींपासून साठीच्या आजींपर्यंत, सगळ्यांचे हात एकाच जागी, तोंडासमोर. सर म्हणाले, "जुओ बेन, आ तो तमने आवडे ज छे." म्हणजे बघा, हे तर तुम्हाला येतंच.

हे जे येतं ना, ती दचकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया. मोठा आवाज कानात शिरला की त्याचा संदेश मेंदूच्या वरच्या, विचार करणाऱ्या भागाची वाट बघत नाही, मेंदूचा देठ म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांना जोडणारा जो भाग आहे तिथूनच तो परस्पर मान, खांदे, हात यांच्या स्नायूंकडे वळतो. पापण्या तर 50 मिलिसेकंदांच्या आतच मिटायला लागतात. आपल्याला "अरे, काय झालं?" असं वाटेपर्यंत शरीराने डोळे आणि मान झाकायला सुरुवात केलेली असते. मी शाळेत फिजिक्स शिकवते, वेळेची गणितं रोज फळ्यावर करते, पण ही गोष्ट स्वतःच्या अंगावर बघितल्यावर जी कळली ती वेगळीच.

क्राव मगाचं सगळं घर या एका गोष्टीवर उभं आहे. शरीर जे आपणहून करतंच, तिथून पुढची हालचाल शिकवायची. तोंडासमोर आलेले हात खाली आणून आधी सुंदर पवित्रा घ्यायचा आणि मग अडवायचं असं नाही, तर त्याच वर आलेल्या हाताने बाहेरच्या बाजूला वार झटकायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच क्षणी पुढे ढकलायचं किंवा मारायचं. बचाव आणि प्रतिहल्ला एकत्र.

ही पद्धत ज्यांनी बांधली ते इमी लिख्टेनफेल्ड, 1910 साली बुडापेस्टमध्ये जन्मले आणि ब्रातिस्लाव्हात वाढले. वडील पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह, त्यांच्याकडूनच कुस्तीचे धडे. इमी स्वतः कुस्ती, बॉक्सिंग, जिम्नॅस्टिक्स सगळं करायचे. 1930 च्या दशकात फॅसिस्ट टोळ्या ज्यूंच्या वस्तीत घुसून मारझोड करायला लागल्या तेव्हा त्यांना उमगलं की आखाड्यातली कला रस्त्यावर जशीच्या तशी चालत नाही, तिथे पंच नसतो, वजनगट नसतो, घंटा नसते. 1940 ला पेंचो नावाच्या बोटीने त्यांनी युरोप सोडलं, 1942 मध्ये पॅलेस्टाईनला पोचले, आणि 1948 नंतर इस्रायली सैन्याला हेच शिकवलं. 1964 ला निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी ते साध्या नागरिकांसाठी बदललं, आणि मला वाटतं त्यांचं मोठेपण इथे आहे, कारण सैनिकाला शत्रू संपवायचा असतो आणि आपल्याला घरी पोचायचं असतं. हिब्रूत क्राव म्हणजे लढाई आणि मगा म्हणजे स्पर्श, संपर्क.

आता एक प्रयोग घरी नक्की करा. कुणालातरी 30 सेंटीमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लटकवायला सांगा, शून्याशी तुमचा अंगठा आणि बोट उघडं ठेवा, आणि न सांगता सोडायला लावा. बहुतेकांना ती 15 ते 25 सेंटीमीटरच्या मधे कुठेतरी सापडते. 20 सेंटीमीटर पडायला पट्टीला 0.2 सेकंद लागतात, म्हणजे "सुटली" हे डोळ्याला दिसून बोटं मिटेपर्यंत तुमचा तेवढा वेळ गेला. आता समजा समोरच्याचा हात सेकंदाला 5 मीटर वेगाने येतोय आणि अंतर 60 सेंटीमीटर आहे, तर तो 0.12 सेकंदात पोचला! तुम्ही अजून पट्टीच पकडताय. म्हणून हातभर अंतरावरून आलेला ठोसा बघून अडवणं हे जवळपास अशक्य आहे, आणि म्हणून आमचे सर सारखे एकच सांगतात, अंतर ठेवा, अंतर ठेवा. दोन पावलं मागे सरकलात तर त्याने मिळालेला वेळ कुठल्याही डावापेक्षा मोठा.

आणि पट्टीच्या प्रयोगात तर करायची गोष्ट एकच होती. पर्याय वाढले की मेंदूला निवडायला आणखी वेळ लागतो, हे मानसशास्त्रज्ञ हिक यांनी 1952 मध्ये मोजून दाखवलं, पर्याय दुप्पट झाले की प्रत्येक वेळी साधारण सारखाच वेळ वर चढतो. मला सुरुवातीला वाटायचं सर कंजुषी करतात, महिनाभर तेच तीनचार प्रकार, दुसऱ्या क्लासची पोरं किती नवीन नवीन शिकतात. आता पटलं. मनगट धरलं तर हे दहा डाव, त्यातला कुठला लावू, हा प्रश्नच त्या क्षणी नको.

मनगट सोडवणं मात्र सविस्तर सांगते, कारण यात शुद्ध फिजिक्स आहे आणि ते बघून मला वर्गात तरफ शिकवायची नवी रीत मिळाली. भाचीने माझं मनगट घट्ट धरलं आणि मी मागे खेचत होते, खेचत होते, चामडी लाल झाली, हात सुटेना. सर आले आणि म्हणाले, "बेन, जोर नहि, अंगूठो जुओ." पकड म्हणजे एक कडं आहे, एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे फट. आपलं मनगट गोल नसतं, चपटं असतं, लाटण्यासारखं समजू नका, ते जाड पट्टीसारखं आहे. ती पट्टी फिरवून तिची अरुंद कड फटीसमोर आणायची आणि मग हात मागे न ओढता कोपर पुढे, समोरच्याच्या कोपराच्या दिशेने ढकलायचं. आता तुमचा कोपरापासून मनगटापर्यंतचा अख्खा हात तरफेचा लांब दांडा झाला, आणि दुसऱ्या टोकाला फक्त एक अंगठा. पाहिलं तर सुटलं पण होतं, मी जोर लावायच्या आधीच.

मुठीबद्दलही एक समज मोडली. हाताच्या पंजात 27 हाडं असतात, आणि कवटीसारख्या टणक गोष्टीवर मूठ आपटली तर करंगळीच्या बाजूचं तळहातातलं हाड मोडतं, डॉक्टर लोक त्याला बॉक्सर फ्रॅक्चरच म्हणतात. म्हणून नवख्यांना तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग वापरायला शिकवतात, तिथून बळ सरळ मनगट ते कोपर या भागातल्या हाडांत जातं.

गळ्याचं मी थोडक्यातच लिहिते आणि हात जोडून सांगते की हे घरी एकमेकांवर कुणीही करून बघू नका. मेंदूचं रक्त थांबलं तर शुद्ध किती पटकन जाते हे 1943 मध्ये अमेरिकेत मानेभोवती फुगवायचा पट्टा बांधून मोजलं होतं, सरासरी 7 सेकंदांच्या आसपास. म्हणून गळ्यावर हात आले की बाकी सगळं नंतर, पहिल्यांदा दोन्ही हातांची बोटं हुकासारखी वाकवून समोरच्याच्या अंगठ्यांच्या जवळ झटका द्यायचा, आणि त्याबरोबरच लाथ.

भीतीचं काय? 1915 मध्ये वॉल्टर कॅनन यांनी मांडलं की धोक्यात शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, ॲड्रेनलिन सुटतं, हृदय धावतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं. त्यात बोटांची बारीक कामं बिघडतात, कुलपात किल्ली जात नाही तसं. पण तिसरी गोष्टही होते, गोठणं. अंग दगड होतं, आवाज फुटत नाही. ही पण मेंदूची जुनी, आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, आणि हे मला अगदी मनापासून लिहायचंय की "तू ओरडली का नाहीस" असं कुठल्याही मुलीला कधीही विचारू नका, ओरडणं तिच्या हातात नव्हतं.

मग शिकून फरक पडतो का? कॅनडात शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या 893 मुलींवर अभ्यास केला, 2015 साली छापला. एका गटाला 12 तासांचं प्रशिक्षण, धोका ओळखणं, स्पष्ट नाही म्हणणं आणि स्वसंरक्षण, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण माहितीपत्रकवाल्या गटात 9.8 टक्के होतं, शिकलेल्या गटात 5.2. ते क्राव मगा नव्हतं, आणि त्यात शारीरिक डाव हा एकच भाग होता, ओळखीच्या माणसाला ठाम नाही म्हणायची सवय हा दुसरा, आणि मला वाटतं तो जास्त अवघड.

आमच्या घरी हे सगळं ऐकून काकासासरे म्हणाले, "यात नवीन काय, जुम्मादादांच्या आखाड्यात माणिकरावांचं बिनोट हेच सांगायचं, हातात हत्यार नसलं तरी हत्यारवाल्यासमोर कसं उभं राहायचं." खरंय. सयाजीरावांच्या या गावात व्यायामशाळा कुणाला परक्या नाहीत, आपल्या मुली तिथे पुन्हा दिसायला हव्यात एवढंच.

सराव कसा करायचा यावर 1979 चा शी आणि मॉर्गन यांचा एक प्रयोग आहे. एकच हालचाल ओळीने घोटत बसणाऱ्यांची प्रगती क्लासमध्ये छान दिसते, पण हालचाली उलटसुलट क्रमाने करणाऱ्यांना त्या काही दिवसांनी जास्त चांगल्या आठवतात. म्हणून आमचे सर आता मधेच लाइट बंद करतात, ढोलाचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावतात, कोण कुठून येणार ते सांगत नाहीत. या शनिवारी सगळ्यांनी गरब्याला नेसतो तेच कपडे घालून यायचंय, घेरदार चणिया, ओढणी, खांद्यावर पर्स, पायात मोजडी, आणि क्लास हॉलमध्ये नाही, खालच्या पार्किंगमध्ये, स्कूटर्सच्या मधे. भाचीने ओढणीला दोन सेफ्टी पिना आत्ताच लावून ठेवल्यात.