न्यूड बीच आणि नेचरिस्ट रिसॉर्ट: तिकीट कुंपणाचं असतं, समुद्राचं नाही

कमी पैशांत नेचरिस्ट बीचवर, म्हणजे कपड्यांविना वावरता येतं अशा किनाऱ्यावर, कसं जाता येईल, असं कुणी विचारलं की उत्तरात हमखास एखाद्या रिसॉर्टचे दर येतात. प्रवेश इतका, बंगला तितका, वर सदस्यत्वाचं कार्ड. विचारणारा बेरीज करतो, आकडा पाहतो आणि ‘हे आपल्याला परवडणारं नाही’ म्हणून विषय सोडून देतो. हे वाचलं की मला दर वेळी वाईट वाटतं. त्याने विचारलं होतं किनाऱ्याबद्दल आणि त्याला माहिती मिळाली कुंपणाआतल्या वसाहतीची. खर्चाचा जवळजवळ सगळा फरक या गल्लतीत आहे.

रिसॉर्ट कसं चालतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. फाटकावर पैसे भरायचे, आत राहायची सोय, पोहण्याचा तलाव, दुकान, उपाहारगृह. नेचरिस्ट रिसॉर्टमध्ये फरक एवढाच की आत कपड्यांविना वावरायचं असतं आणि तलावात तर बहुतेक ठिकाणी पोहण्याचा पोशाख चालतच नाही. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं मोन्तालिव्हे १९५० पासून आहे, क्रोएशियात व्हर्सारजवळचं कोव्हर्सादा १९६१ पासून. काही रिसॉर्ट एकट्या पुरुषाला प्रवेश द्यायला का-कू करतात, काही आंतरराष्ट्रीय नेचरिस्ट महासंघाचं कार्ड मागतात. तो त्यांचा अधिकार आहे, कारण जागा त्यांची आहे.

सार्वजनिक नेचरिस्ट बीच म्हणजे मात्र नुसता किनारा. ब्रायटनमध्ये १९८० साली नगरपालिकेने किनाऱ्याचा एक तुकडा यासाठी राखून ठेवला, तिथे तिकीट नाही. बार्सिलोनाच्या मार बेया किनाऱ्यावरचा नेचरिस्ट भाग मेट्रोने उतरून चालत गाठता येतो. व्हॅन्कुव्हरच्या रेक बीचला जायचं तर विद्यापीठापर्यंत शहर बस आहे, तिथून जंगलातल्या लांबलचक पायऱ्या उतरायच्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातला मॅस्लिन बीच १९७५ पासून अधिकृत आहे, मायामीच्या हॉलोव्हरचा उत्तरेकडचा भाग १९९१ पासून. यांपैकी कुठेही वाळूवर पाय ठेवायचे पैसे पडत नाहीत, कार्ड विचारलं जात नाही आणि तुम्ही एकटे आलात की जोडीने, हेही कुणी बघत नाही. गाडी आणलीत तर पार्किंगचे पैसे पडू शकतात, तेवढंच.

गोंधळाचं माहेर बहुधा फ्रान्समधलं काप दाग्द असावं. तिथे नेचरिस्ट वसाहतीला फाटक आहे आणि आत जायला रोजचे पैसे पडतात, हे खरंच आहे. पण समोरची सुमारे दोन किलोमीटरची वाळू त्या वसाहतीची मालमत्ता नाही. फ्रान्समध्ये किनारा सार्वजनिक असतो. १९८६ च्या किनारा कायद्यानुसार तिथे जाणं सर्वांना खुलं आणि फुकट आहे. शेजारच्या साध्या किनाऱ्यावरून पाण्याच्या कडेने चालत गेलात तर तुम्ही त्याच वाळूवर पोहोचता. ‘काप दाग्दच्या बीचचं तिकीट फार महाग आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता ते डोळ्यांना टोचतं. बीचचं तिकीट नाहीच मुळी. तिकीट आहे ते कुंपणाचं.

लोक खरे अडखळतात ते याच्या पुढच्या पायरीवर. ‘बीच फुकट आहे’ एवढं कळलं की त्यांना वाटतं, रिसॉर्टमधून सोयी वजा केल्या की उरतो तो न्यूड बीच. तसं नाही. कुंपण एक काम करत असतं, जे आत असताना जाणवत नाही: कुठे कपडे काढायचे आणि कुठे घालायचे, याचा निर्णय ते तुमच्या वतीने घेतं. फाटकाच्या आत सगळीकडे एकच नियम. सार्वजनिक किनाऱ्यावर हा निर्णय तुमच्या माथी येतो, आणि तो चुकला तर वाचवलेले पैसे दंडात जाऊ शकतात.

अशा किनाऱ्याची हद्द प्रत्यक्षात कशी असते, ते पाहा. इंग्लंडमध्ये स्टडलंडच्या किनाऱ्यावर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची पाटी आहे. तिचा आशय असा की इथून पुढे निर्वस्त्र माणसं दिसू शकतात. हॉलोव्हरची पाटीही हेच सांगते. दोन्ही पाट्या बाहेरून येणाऱ्या कपड्यांतल्या माणसाला उद्देशून आहेत. त्या कुणालाही कपडे काढायला सांगत नाहीत, पुढे काय दिसेल याची आगाऊ कल्पना देतात. म्हणून अशा बहुतेक किनाऱ्यांवर तुम्ही कपड्यांत बसलात तरी नियम मोडत नाही. याला अपवाद आहेत. भूमध्य समुद्रातल्या इल द्यू लेव्हां बेटावर लेग्रोत नावाच्या किनाऱ्यावर नग्नता सक्तीची आहे, आणि त्याच बेटाच्या बंदरावर मात्र थोडं तरी अंगावर हवंच. सक्तीचा किनारा आणि परवानगीचा किनारा यांत गल्लत करू नका, जायच्या आधी पाटीचा मजकूर शोधून वाचा.

पाटीच्या अलीकडे लगेच शहराचे नियम सुरू होतात. बार्सिलोनाने २०११ मध्ये रस्त्यांवर नग्न फिरायला बंदी केली आणि किनाऱ्यापासून दूर नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत हिंडायलाही. त्यामुळे मार बेयाच्या वाळूवर जे पूर्ण बिनधास्त चालतं, ते मेट्रोच्या वाटेवर दंडाला पात्र ठरतं. आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत जायचं असलं तरी ती हद्दीबाहेर उभी असेल तर लुंगी गुंडाळूनच जा. एक पातळ सुती लुंगी पिशवीत वरच ठेवावी, तळाशी नाही.

आणि पाटीच नसेल तर? इथे सर्वांत जास्त घोळ होतो. एखाद्या खडकाआडच्या आडबाजूच्या किनाऱ्यावर कुणाला चार निर्वस्त्र माणसं दिसतात आणि तो किनारा ‘फुकटचा न्यूड बीच’ म्हणून यादीत जातो. असा किनारा अधिकृत नसतो, चालवून घेतलेला असतो. ग्रीसमध्ये ठरवून दिलेल्या जागा सोडून इतरत्र नग्नतेला कायद्याने परवानगी नाही, तरी कितीतरी निवांत किनाऱ्यांवर कुणी हटकत नाही. सॅन दिएगोचा ब्लॅक्स बीच त्याहून बोलका आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या, शहराच्या ताब्यातल्या भागाला असलेली परवानगी १९७७ मध्ये मतदानाने काढून घेतली गेली. उत्तरेकडचा भाग राज्याच्या उद्यानात मोडतो आणि तिथे सहसा चालवून घेतलं जातं. वाळू सलग आहे, समुद्र तोच आहे, आणि मधली हद्द नवख्याच्या लक्षातही येत नाही. चालवून घेतलेल्या किनाऱ्यावर एक तक्रार पुरते आणि गणवेशातला माणूस येऊन कपडे घालायला सांगतो. सांगितलं की घालावेत, वाद घालू नये.

काही देशांत चित्र सैल आहे. स्पेनमध्ये १९८८ पासून नग्नता हा गुन्हा राहिलेला नाही, पण नगरपालिका आपापले नियम करतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या कायद्यानुसार कुणाला घाबरवण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असल्याशिवाय नुसती नग्नता हा अंगप्रदर्शनाचा गुन्हा ठरत नाही. डेन्मार्कमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर चालतं. तरीही पहिल्यांदाच जाणाऱ्याने, आणि त्यातही पैसे जपून जाणाऱ्याने, अधिकृत पाटीचाच किनारा निवडावा असं माझं ठाम मत आहे. दंडाची, सामान उचलून जागा बदलायची किंवा टॅक्सी करून परतायची वेळ येत नाही आणि मन शांत राहतं. आडबाजूच्या खाडीचं आकर्षण मला कळतं, पण तिथवर पोहोचायला बऱ्याचदा भाड्याची गाडी किंवा होडी लागते, आणि मग ते फुकट कुठे उरलं?

दुसरी गल्लत लहान आहे, पण मला तिचा मनापासून राग येतो. पैसे भरले नाहीत म्हणजे शिष्टाचारही नाहीत, असा समज काहींचा दिसतो. फोन वर धरून फिरणं, कपड्यांत येऊन दुसऱ्यांकडे टक लावून बसणं, लैंगिक चाळे करणं, हे कुंपण नसलेल्या किनाऱ्यावरही तितकंच वाईट आहे. शेवटची गोष्ट तर थेट गुन्हा आहे. फोन पिशवीत, अंगाखाली स्वतःचा टॉवेल, आणि शेजारच्यापासून जरा अंतर ठेवून जागा. नेचरिस्ट मंडळी यावरूनच माणूस ओळखतात.

बाकीचा खर्च साध्या किनाऱ्यासारखाच. बाल्टिक किनाऱ्यावरच्या जर्मन गावांत पर्यटक कर घेतात, तो कपड्यांच्या आणि बिनकपड्यांच्या भागाला सारखाच. छत्री भाड्याने घेऊ नका, जुनी चादर आणि दोन काठ्या पुरतात. पाणी घरून न्या. ब्रायटनला गोटे आहेत, वाळू नाही, म्हणून रबरी चपला हव्यातच. सनस्क्रीनवर मात्र पैसे वाचवू नका. ज्या कातडीने कधी ऊन पाहिलेलं नाही ती सर्वांत आधी भाजते, आणि नितंब भाजलेल्या माणसाला परतीच्या बसमध्ये बसता येत नाही.

रिसॉर्टचे पैसे भरावेत अशीही एक वेळ असते. चार-आठ दिवस सलग राहायचं असेल तर बंगला विसरा आणि नेचरिस्ट कॅम्पिंगमध्ये स्वतःचा तंबू लावा, जुलै-ऑगस्ट टाळून. जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरमध्ये तंबूच्या जागेचे दर बरेच उतरलेले असतात, स्वयंपाक स्वतः करता येतो, आणि किनारा तंबूपासून चालण्याच्या अंतरावर असला तर रोजचं बसभाडंही वाचतं. एका दिवसासाठी मात्र फाटकाकडे वळूच नका, पाटी शोधा.