पहिलीला वाचायला शिकवणारा शिक्षक घडवताना

‘बदक’ हा शब्द आपण ‘ब-दक्’ असा उच्चारतो. त्याला ‘ला’ लागला की तोच ‘बद्-का-ला’ होतो. ‘द’मधला अ कधी म्हणायचा आणि कधी गिळायचा, हे लिपीत कुठेच दाखवलेले नसते. मराठी बोलणाऱ्याला ते कानाने ठाऊक असते आणि सराईत वाचकाच्या ते लक्षातही येत नाही. डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला प्रवेश घेणारे छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, असेच सराईत वाचक असतात. पहिलीतले मूल ‘ब, द, का, ला’ अशी चारही अक्षरे बिनचूक म्हणते आणि गप्प बसते, तेव्हा ते नेमके कुठे अडले हे त्यांना दिसत नाही. मग ‘नीट बघून वाच’ म्हटले जाते किंवा अक्षरे पुन्हा गिरवायला दिली जातात. मुलाची अडचण मात्र दोन्हीत नसते. अक्षरे जोडून झालेला उच्चार आपल्या ओळखीच्या शब्दाशी ताडून पाहायचा आणि त्याप्रमाणे दुरुस्त करायचा, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात भाषाशिक्षणाच्या व्याख्यांनी न करता छात्राध्यापकांना पुन्हा नवशिके वाचक बनवून करावी. त्यासाठी कन्नड लिपी चांगली, कारण तिची रचना देवनागरीसारखीच आहे, पण आकार पूर्ण वेगळे. (सोलापूर-सांगलीकडे वर्गात कन्नड वाचणारे निघतात; तिथे मल्याळम घ्यावी.) क, म, न, ल, र ही पाच अक्षरे आणि काना व दुसरी वेलांटी अशी सात चिन्हे फळ्यावर पंधरा मिनिटे शिकवायची. मग त्या लिपीत लिहिलेले मराठी शब्द वाचायला द्यायचे: काम, नाक, लाल, कमल, मामी, कारली. शेवटी दोन छोटी वाक्ये.

कन्नडमध्ये काना लागला की अक्षराच्या डोक्यावरची रेघ बदलते, त्यामुळे पाच मिनिटांपूर्वी ओळखलेला ‘क’ ‘का’मध्ये सापडत नाही. तिसरे अक्षर ओळखेपर्यंत पहिले विसरते. वाक्य वाचून झाल्यावर ‘काय लिहिले होते?’ असे विचारले की निम्म्या वर्गाला सांगता येत नाही, कारण सगळे लक्ष अक्षरांनी खाल्लेले असते. यानंतर तीच ओळ सगळ्यांकडून एकसुरात म्हणवून घ्यावी. एखाद-दुसऱ्या चपळ व्यक्तीच्या मागोमाग अख्खा वर्ग ‘वाचतो’. सामूहिक वाचनात न वाचणारी मुले कशी लपतात, हे समजावायला वेगळे व्याख्यान लागत नाही.

आता प्रत्यक्ष मराठीकडे. क ते ज्ञ ही 36 चिन्हे धरली तर नुसत्या बाराखडीचीच 432 रूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. एकटा ‘र’ चक्र, सूर्य, ट्रक आणि दऱ्या या चार शब्दांत चार वेगळ्या रूपांत येतो. ‘कि’मधली वेलांटी आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदीवरील अभ्यासात अशा ऱ्हस्व वेलांटीच्या शब्दांना वाचक जास्त अडखळतात असे आढळले. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासातून 2007मध्ये दाखवले की अक्षरांवर प्रभुत्व यायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो आणि हे शिकणे चौथीपर्यंतही चालू राहते. ‘दिवाळीपर्यंत मुळाक्षरे, मार्चपर्यंत बाराखडी’ असे नियोजन करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

शिवाय क-ख-ग-घ हा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे, शिकण्याच्या सोयीने नव्हे. त्या क्रमाने गेल्यास महिनाभरात मुलाच्या हाती ‘ङ’ आणि ‘ञ’ येतात, पण वाचण्याजोगे वाक्य येत नाही. त्याऐवजी वर दिलेली पाच अक्षरे आणि दोन स्वरचिन्हे घेतली तर पंधराच रूपे होतात (क, का, की, म, मा, मी…) आणि तेवढ्यात ‘मीनाला कमल, मामीला कारली’, ‘काकी, काम कर ना’ असे काहीबाही वाचता येते. पुढचा गट ठरवताना सारखी दिसणारी अक्षरे एकत्र आणू नयेत: घ-ध, भ-म, ब-व, थ-य. त्यातले एक पक्के झाल्यावर दोनेक आठवड्यांनी दुसरे घ्यावे. ‘ख’ आणि ‘रव’ यांचा घोळ छापील टंकावरही (फॉन्टवर) अवलंबून असतो. संगणकावर बनवलेल्या सराव-पत्रिकांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात, पाठ्यपुस्तकात मराठी वळणाचे, आणि मुलाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. पत्रिका छापण्याआधी टंक तपासणे हे फार क्षुल्लक काम वाटते, म्हणूनच ते राहून जाते.

बाराखडी तालात म्हणता येणे म्हणजे ती वाचता येणे नव्हे. तपासायचे असेल तर मधलेच ‘मू’ दाखवावे. मूल ‘म मा मि मी मु’ अशी पायरी चढत तिथे पोहोचले तर त्याला गाणे येते, अक्षर नाही. ‘कमळाचा क’चेही तसेच आहे: घडाघडा पाठ म्हणणारी मुले ‘कमल’ समोर आले की ‘कमळ, मगर, लसूण’ वाचतात. चित्र ओळख करून देण्यापुरते ठेवून आठवडाभरात बाजूला काढावे.

ध्वनींचे खेळ मात्र तोंडीच आणि अक्षरे येण्याआधीपासून व्हावेत. ‘मगर’मधला ‘म’ काढला तर काय उरले? ‘काका’, ‘कान’, ‘पान’ यांत वेगळा सुरू होणारा कोणता? रोज पाच-सात मिनिटे पुरतात. इथे छात्राध्यापकांचे स्वतःचे कान आधी तयार करावे लागतात. ‘चिंच’मधले दोन च वेगळे आहेत, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे आहेत, हे मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय अनेकांना पटत नाही.

प्रशिक्षणात सर्वांत दुर्लक्षित राहते ते एका मुलाजवळ बसणे. सराव पाठ, पाठ टाचण, निरीक्षण वही हे सगळे पूर्ण वर्ग समोर धरून चालते. आंतरवासितेत (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात) प्रत्येक छात्राध्यापकाने निदान तीन मुले निवडून दर आठवड्याला त्यांच्या वाचनाची नोंद घ्यायला हवी. पद्धत सोपी आहे. मुलाने न पाहिलेला 60 शब्दांचा उतारा घ्यायचा आणि त्याची एक प्रत आपल्या हातात ठेवायची. बरोबर शब्दावर टिंब द्यायचे. चुकलेल्या शब्दावर मुलाने जे म्हटले ते जसेच्या तसे लिहायचे. गाळलेल्याला वर्तुळ करायचे, आणि स्वतःहून सुधारले तर ‘सु’ लिहायचे. ती चूक मोजायची नाही. मध्ये बोलायचे नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड जाते.

60 पैकी 57 किंवा अधिक शब्द बरोबर आले तर उतारा सोपा आहे. 54 ते 56 असतील तर शिकवायला योग्य. त्याहून कमी असतील तर तो उतारा बाजूला ठेवावा. हे 95 आणि 90 टक्क्यांचे निकष इंग्रजीतून आलेले आहेत. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द असतो, त्यामुळे ते सैलच वापरावेत. दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द हे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचे लक्ष्यही तसेच उताऱ्यातील शब्दांची लांबी पाहून तपासावे.

खरा उपयोग चुकांच्या प्रकारातून होतो. ‘धर’ला ‘घर’ म्हटले तर आकाराचा गोंधळ. ‘मोर’ला ‘मार’ म्हटले तर स्वरचिन्ह अर्धेच पाहिले. ‘विहीर’ऐवजी ‘पाणी’ म्हटले तर चित्रावरून अंदाज. तिघांना तीन वेगळी कामे द्यावी लागतील. आणि ‘शाळा’ला ‘शाया’, ‘पाणी’ला ‘पानी’ वाचणारे मूल चुकलेलेच नाही. वऱ्हाडातला, खानदेशातला ‘ळ’ त्याच्या घरी तसाच उच्चारला जातो. त्याने अक्षर ओळखले आणि आपल्या बोलीत म्हटले. इथे लाल रेघ ओढणारा शिक्षक वाचन तपासत नसून घर तपासतो. वारली, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांबाबत प्रश्न याहून खोल आहे, कारण अक्षरे जुळवून तयार झालेला शब्द ताडून पाहायला तो शब्दच त्यांच्या कानावरून गेलेला नसतो. त्यांना उताऱ्यातले पाच-सात शब्द वाचनाआधी वस्तू दाखवून, त्यांच्या भाषेतले नाव विचारून, बोलून घ्यावे लागतात.

गफ आणि टनमर यांनी 1986मध्ये वाचन-आकलनाचे एक सूत्र मांडले: लिपी उलगडणे गुणिले भाषेचे आकलन. बेरीज नाही, गुणाकार. एक शून्य असेल तर उत्तर शून्य. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पालघरमधील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर इथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात वर्गातला वेळ बहुतांश लिपीवर जातो आणि अर्थाविषयी बोलणे फारच थोडे होते, हे ठळकपणे पुढे आले. मुले लहान आहेत, त्यांना अजून विचार करता येत नाही, ही समजूत त्यामागे असते.

त्यामुळे प्रकट वाचनाचीही, म्हणजे मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याचीही, तयारी करून घ्यावी लागते. चित्रपुस्तक आधी तीनदा वाचायचे. थांबण्याच्या दोन-तीन जागा पेन्सिलीने खुणावायच्या. प्रत्येक जागी एकच प्रश्न, आणि तो ‘राजाचे नाव काय होते?’ असा नसावा. ‘ती आता घरी सांगेल का? तुला असे का वाटते?’ असा असावा. विचारल्यावर मनात पाच अंक मोजायचे. बहुतेक छात्राध्यापक दोनपर्यंत येताच स्वतःच उत्तर देऊन टाकतात किंवा थेट तात्पर्यावर उडी मारतात. मोबाइलवर पाठाचे ध्वनिमुद्रण करून हे शांततेचे तुकडे मोजायला लावले की पुढच्या पाठात फरक पडतो.