बुळकांडी गेली, दगडी राहिली

मुंबईतल्या दुधाळ जनावरांच्या आजारांचा मागोवा घ्यायचा तर परळपासून सुरुवात करावी लागते. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या आवारात 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. तेव्हा गोठ्यांना धास्ती होती ती साथींची: घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत आणि सगळ्यांत भयंकर बुळकांडी. डोळ्यानाकातून स्राव, तोंडात फोड, मग घाण वासाची हगवण. आठवडा-दहा दिवसांत दावण रिकामी. लसीकरणाच्या मोहिमा वर्षानुवर्षं चालल्या. भारतातला शेवटचा उद्रेक 1995 चा, आणि 2011 मध्ये हा रोग जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माणसांतली देवी सोडली तर असा समूळ गेलेला दुसरा रोग नाही. त्यासाठी गावोगाव, तबेल्यातबेल्यांत फिरलेल्या पशुवैद्यकांचं आपल्याकडे पुरेसं कौतुक झालं नाही, असं मला मनापासून वाटतं.

साथी मागे हटल्या, पण आज गोठ्यात रोज दिसणारे आजार वेगळ्याच जातीचे आहेत. जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई आल्या आणि दुग्धज्वर वाढला. नाव ज्वर, पण अंगात ताप नसतो. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय बसते ती उठत नाही. मान वळवून पोटाशी ठेवते, कान बर्फासारखे गार. चिकात इतकं कॅल्शियम निघून जातं की रक्तातलं घसरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात काशेत हवा भरून अशा गाई वाचवत. दूध उतरणं थांबे, गाय उठे, पण का ते कळत नव्हतं. कॅल्शियमचा उलगडा झाला 1925 च्या सुमारास. आता डॉक्टर शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश सोडतात, एक कान छातीच्या ठोक्यांकडे ठेवून, कारण घाई केली तर हृदयच बंद पडतं. अर्ध्या तासात नाकपुडीवर दव येतं, गाय ढेकर देते, शेण टाकते आणि धडपडत उभी राहते. हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

मुंबईच्या तबेल्यांतली मोठी डोकेदुखी मात्र कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज, गोठ्याच्या भाषेत दगडी. इथे गाईंपेक्षा म्हशी जास्त, पण दगडी दोघींनाही सोडत नाही. शहरातल्या गल्लीबोळांतले तबेले हलवण्यासाठी मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने 1949 मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. शहराची स्वच्छता आणि चांगलं दूध हा हेतू होता. जागा बदलली, तरी जनावर दिवसभर दावणीलाच, खाली कोबा आणि पावसाळ्याचे चार महिने ओल. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. तेवढ्यात म्हैस शेणमुतात बसली की जंतू आत शिरतात. म्हणून जाणता गवळी धार संपताच सड औषधात बुडवतो आणि पुढ्यात वैरण टाकतो, म्हणजे ती खात उभी राहते. पहिल्या चार धारा काळ्या कापडावर घेऊन बघतो. दुधात बारीक गाठी दिसल्या तर त्या सडाचं दूध वेगळं काढतो, त्या म्हशीची धार सगळ्यांत शेवटी.