‘बर्फाळ’ महाग्रहांतला बर्फ

कोल्हापुरात ज्यांच्या घरी पंचांग उघडले जाते, त्यांच्यासाठी युरेनस हा आजही ‘हर्षल’च आहे, शोधकाच्या आडनावाला मराठी वळण मिळून ग्रहाला चिकटलेले हे नाव. काही मराठी लेखनात तो ‘प्रजापती’ होतो, हिंदीत ‘अरुण’, आणि नेपच्यून ‘वरुण’. नावांचा हा गोंधळ तसा निरुपद्रवी आहे. खरी अडचण या दोघांना मिळून दिल्या जाणाऱ्या ‘बर्फाळ महाग्रह’ या संज्ञेची आहे.

युरेनसचा शोध १३ मार्च १७८१ रोजी लागला. नेपच्यून २३ सप्टेंबर १८४६ रोजी गणिताने वर्तवलेल्या जागेच्या अगदी जवळ सापडला, तेव्हा आपल्याकडे गडकऱ्यांच्या उठावाला दोनच वर्षे झाली होती. त्यानंतर दीर्घकाळ हे दोन्ही ग्रह गुरू आणि शनीच्याच पंक्तीला बसवले गेले, कारण दुर्बिणीतून दिसणाऱ्या लहानशा निळसर चकतीवरून याहून अधिक काही ठरवणे अवघडच होते.

पंक्ती मोडली ती वस्तुमान आणि घनता यांच्या हिशेबाने. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट आणि शनीचे ९५ पट आहे, तर युरेनसचे जेमतेम साडेचौदा पट व नेपच्यूनचे १७ पट. तरीही त्यांची घनता शनीच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून अधिक आहे, म्हणजे त्यांचा मोठा भाग हायड्रोजन आणि हेलियम यांचा असू शकत नाही. उरलेला भाग पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा असावा, असे अनुमान निघाले. आणि ग्रहविज्ञानात या तिन्ही पदार्थांना, ते कोणत्याही अवस्थेत असले तरी, ‘बर्फ’ म्हणण्याचा प्रघात आहे. सूर्यापासून दूर, ग्रह घडत असताना हे पदार्थ गोठलेल्या कणांच्या रूपात गोळा झाले, एवढाच त्या शब्दाचा आधार. आज ग्रहाच्या पोटात त्यांचे तापमान हजारो अंश सेल्सिअस आहे आणि प्रचंड दाबाखाली ते दाट, तप्त, वीजवाहक द्रवासारखे झालेले आहेत. रंकाळ्यावर बर्फाचा गोळा खाणाऱ्या माणसाने या शब्दावरून जे चित्र डोळ्यांसमोर आणावे, ते जवळपास पूर्णपणे चुकीचे ठरते. १९९० च्या दशकात ही संज्ञा रूढ झाली आणि मराठीत येताना तिची ‘हिमदानव’ अशीही रूपे झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘हिम’ हा शब्द तर इथे अजिबात नको होता, कारण त्यातून पदार्थाचा नव्हे, केवळ थंडीचा बोध होतो.

संज्ञा रूढ होण्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जात असताना ताऱ्याचा प्रकाश आधी आणि नंतरही क्षणभर मंदावला, आणि त्यावरून ग्रहाभोवतीची कडी उघडकीस आली. तमिळनाडूतील कवलूर येथूनही ही घट नोंदली गेली होती; मात्र तिचा अर्थ प्रथम नवा उपग्रह असा लावला गेला. पुढे जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलेल्या यानाने दोन्ही ग्रहांचे चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी अनुक्रमे सुमारे ५९ व ४७ अंशांनी कललेले असल्याचे दाखवले. असे वेडेवाकडे क्षेत्र गाभ्याऐवजी वरच्या, वीजवाहक थरात निर्माण होत असावे, हे स्पष्टीकरण ‘बर्फा’च्या बाजूने जाते.

तरीही वाद मिटलेला नाही. खडकाचे प्रमाण बरेच जास्त धरलेली प्रारूपेही उपलब्ध मोजमापांशी जुळतात, आणि मग ‘बर्फाळ’ हे विशेषणच डळमळते. दरम्यान इतर ताऱ्यांभोवती नेपच्यूनएवढे ग्रह मोठ्या संख्येने सापडल्यामुळे प्रश्नाचे वजन वाढले आहे. दोनच ग्रहांवरून बेतलेली चौकट शेकडो ग्रहांना लावली जात आहे.

युरेनसभोवती फिरणारे यान आणि त्याच्या वातावरणात उतरणारी कुपी पाठवावी, अशी शिफारस अमेरिकेत २०२२ मध्ये झाली. युरेनसचे एक वर्ष आपल्या ८४ वर्षांचे असते आणि त्याचा अक्ष जवळपास आडवा आहे. त्यामुळे १९८६ मध्ये अंधारात राहिलेला त्याचा गोलार्ध २००७ पासून उजेडात आला असून, २०४९ च्या सुमारास तो पुन्हा अंधाराकडे वळू लागेल. यान त्याआधी पोहोचले, तरच ती बाजू जवळून पाहता येईल.