ऑक्सिडेशनसाठी सच्छिद्र मिश्र ऑक्साईड: पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या काळात गॅस मास्कमध्ये विषारी कार्बन मोनॉक्साईडचा कार्बन डायऑक्साईड करणारे उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारे पदार्थ) म्हणून तांबे आणि मँगनीजच्या ऑक्साईडांचे दाणे भरत. दमट हवेत ते निकामी होत, म्हणून आधी पाणी शोषणारा थर द्यावा लागे. कोकणातल्या जुलैत त्यांचे काय झाले असते, हे सांगायला नकोच. 1954 मध्ये दोन डच संशोधकांनी व्हॅनेडियम ऑक्साईडवर काम करून मांडले की ऑक्साईड स्वतःच्या स्फटिकाच्या जाळीतला ऑक्सिजन अभिक्रियेला देतो आणि हवेतून तो भरून काढतो. 1960 पर्यंत बिस्मथ-मॉलिब्डेनमच्या ऑक्साईडावर ॲक्रिलोनायट्राईलचा (कृत्रिम धाग्यांच्या कच्च्या मालाचा) कारखाना उभा राहिला.

हे सगळे वायूंचे. लोटे, महाड, रोह्याकडे औषधांची इंटरमिजिएट (औषध बनण्याआधीच्या टप्प्यातली रसायने) द्रवात बनतात, रेणूही मोठे. अशा ऑक्सिडेशनला जुना आधार डायक्रोमेटचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराचा. मागे क्रोमियमचा गाळ उरतो आणि तिथल्या औद्योगिक वसाहतींचे सांडपाणी शेवटी दाभोळच्या, सावित्रीच्या किंवा कुंडलिकेच्या खाडीत जाते. त्यामुळे 1992 मध्ये 2 नॅनोमीटरहून मोठ्या, एकसारख्या छिद्रांची सिलिका आली तेव्हा मोठे रेणूही घन उत्प्रेरकाच्या आत शिरतील, अशी आशा वाढली. धातूंच्या ऑक्साईडांत तशी छिद्रे करणे मात्र कठीण, भट्टीत भिंती ढासळत. 1998 मध्ये पॉलिमरच्या साच्याने ते बऱ्याच ऑक्साईडांत साधले.

खरा वाद त्याच सुमारास पेटला: काम घन उत्प्रेरक करतो, की त्यातून विरघळलेला धातू? क्रोमियम बसवलेल्या ‘चाळण्यां’बाबत, म्हणजे रेणूंच्या मापाची छिद्रे असलेल्या घनांबाबत, उत्तर गैरसोयीचे निघाले: काम विरघळलेला धातू करत होता. कसोटी साधी आहे. बॅच अर्धी झाली की रिअ‍ॅक्टर न थंडावता, त्याच तापमानाला द्रव गाळायचा आणि नुसता गाळलेला द्रव पुढे चालू ठेवायचा. तरीही उत्पादन वाढत राहिले, तर श्रेय विरघळलेल्या धातूचे. थंड करून गाळले तर धातू पुन्हा घनावर बसतो आणि निकाल उगाच स्वच्छ दिसतो. या एका चुकीने कित्येक दावे तरले असतील, असे मला वाटते.

‘उत्प्रेरक पाच वेळा वापरला, उतारा तेवढाच’ हेही पुरेसे नाही. दर खेपेला अगदी थोडा धातू सुटला तरी अभिक्रिया चालते, आणि घनातली घट पाच खेपांत जाणवतही नाही. म्हणून गाळलेल्या द्रवातला धातू वेगळा मोजावा लागतो. एखाद्या शोधनिबंधात तो आकडा नसेल तर त्यातला पुढचा तक्ता वाचण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.