छातीतलं पाणी : प्लुराच्या टीबीचं निदान, बेळगाव सीमाभाग

फुप्फुसाला दोन पदरी पातळ आवरण असतं, त्याला प्लुरा म्हणतात, जुन्या मराठी पुस्तकांत फुप्फुसावरण. दोन पदरांमध्ये एरवी चमचा-दोन चमचे ओलावा असतो, क्षयाची बाधा तिथं पोचली की तिथं लिटर-दीड लिटर पाणीही साठू शकतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडं प्लुरा कुणी म्हणत नाही, 'छातीत पाणी झालंय' म्हणतात, आणि नर्सबाई कन्नड बोलणाऱ्या असल्या तरी अडत नाही, कारण क्षय हा शब्द दोन्ही भाषांत तोच. सरकारी नोंदीत मात्र गंमत आहे. एक्सरेत फुप्फुस स्वच्छ असेल तर हा टीबी 'फुप्फुसाबाहेरचा' धरतात, त्यामुळं छातीचाच आजार छातीबाहेर कसा गेला हे पेशंटच्या घरच्यांना समजावताना डॉक्टरची अर्धी ओपीडी जाते.

चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, लक्षणांत बरगडीची कळ आहे. या ग्रंथाचा काळ साधारण इसवी सनाच्या आगेमागेची दोन-तीन शतकं असा सैलच धरतात. ही कळ म्हणजे प्लुराचाच टीबी असं काही अभ्यासक मानतात, पण कूस पन्नास कारणांनी दुखते, त्यामुळं इतकंच म्हणणं बरं की क्षय आणि कुशीतली कळ यांची सांगड जुनी आहे. छातीवर बोटानं ठोकून पाणी ओळखायची रीत ऑस्ट्रियाच्या औएनब्रुगरनं १७६१ मध्ये छापली. तो खानावळवाल्याचा मुलगा, पिंपं ठोकून दारू कुठवर आहे ते बघायचा आणि त्यावरून त्याला हे सुचलं अशी कथा सांगतात, खरी असो नसो. स्टेथोस्कोप १८१६ चा, कॉखनं टीबीचा जंतू जाहीर केला २४ मार्च १८८२ ला, एक्सरे १८९५ चा. तालुक्याच्या दवाखान्यात आजही पहिला अंदाज या चार गोष्टींवरच बांधतात.

पाणी येतं कुठून यावर मात्र बराच वाद झालाय. जुनं मत असं की फुप्फुसाच्या कडेला, प्लुराच्या अगदी खाली क्षयाची छोटी गाठ असते, ती फुटते, जंतूंची प्रथिनं आवरणात सांडतात आणि आधीच चिडलेली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते, म्हणजे पाणी हे जंतूंचं नसून शरीराच्या रागाचं. याला बळ देणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत : पाण्यात जंतू जवळजवळ सापडत नाहीत, लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी भरपूर असतात, आणि बऱ्याच जणांत औषधाशिवायही पाणी आटतं. नवीन मत म्हणतं की जंतू असतात, आपल्याला सापडत नाहीत एवढंच. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, घट्ट माध्यमाऐवजी पातळ माध्यमात लावलं की जास्त वेळा उगवतं, आणि २००३ मध्ये ब्राझीलमधल्या एका अभ्यासात खारट पाण्याची वाफ देऊन काढलेल्या बेडक्यात निम्म्याच्या आसपास पेशंटांत जंतू उगवले, एक्सरेत फुप्फुस साफ दिसणाऱ्यांतसुद्धा. आज कल या दुसऱ्या मताकडं जास्त आहे, म्हणजे थोड्या जंतूंची खरीखुरी बाधा आणि वर मोठी ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया. हा वाद नुसता पुस्तकी नाही. छातीत पाणी असलेल्याचा बेडकाही तपासला पाहिजे हे त्यातूनच निघतं, आणि 'खोकला कोरडा आहे, बेडका कशाला' म्हणून हेच नेमकं राहून जातं.

जंतू थोडे म्हणून जंतू शोधणाऱ्या टेस्ट इथं लंगड्या पडतात. पाण्याची स्लाइड रंगवून बघितली तर शंभरात दहाजणांतही जंतू दिसत नाहीत. कल्चर जास्त धरतं पण कित्येक आठवडे लावतं, तोवर पेशंट ऊसतोडीला निघून गेलेला असतो. सीबीनॅट म्हणजे जीन एक्सपर्ट मशीन बेडक्यावर उत्तम चालतं, पण प्लुराच्या पाण्यात निम्म्याहून जास्त टीबी त्याच्या हातून निसटतात. २०१६ च्या इंडेक्स-टीबी या भारतीय मार्गदर्शक सूचनांनी तर ते या पाण्यावर वापरू नका असंच सुचवलं. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथल्याच कंपनीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं मशीन छोट्या दवाखान्यांसाठी सोयीचं, लाइट गेली तरी चालतं, पण जंतूच नसलेल्या थेंबात तेही काय शोधणार. पॉझिटिव्ह आलं तर सोनं, रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार का तेही कळतं. निगेटिव्ह आलं तर त्याचा अर्थ 'टीबी नाही' असा होत नाही, आणि चुका होतात त्या नेमक्या इथंच.

मग हाताशी काय उरतं? सुई, तीन बाटल्या आणि डोकं. ताप, एका बाजूला कळ, धाप, वजन उतरणं, वय बहुतेक तरुण. त्या बाजूला ठोकलं तर दगडावर ठोकल्यासारखा आवाज, श्वास ऐकू येत नाही. उभ्यानं काढलेल्या एक्सरेत साधारण २०० मिलि पाणी झालं की बरगडीखालचा कोपरा बुजतो, सोनोग्राफीत त्याहून बरंच कमीही दिसतं, फक्त ती करणारा माणूस त्या दिवशी दवाखान्यात असायला हवा. सुई पाठीकडून, खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला धरून घालायची, कारण शिरा आणि नस वरच्या बरगडीच्या खालच्या काठाला असतात. एका वेळी लिटर-दीड लिटरच्या वर काढत नाहीत, दबलेलं फुप्फुस एकदम फुललं की त्यातच पाणी होऊ शकतं. टीबीचं पाणी सहसा गव्हाच्या काडासारखं पिवळसर. साध्या बाटलीत ठेवलं की ते गोठतं आणि मग पेशी मोजता येत नाहीत, म्हणून पेशींसाठी ईडीटीएची (गोठू न देणारी) बाटली, साखरेसाठी फ्लोराइडची, बाकीसाठी साधी. एवढी साधी गोष्ट, पण सगळं एकाच बाटलीत भरून पाठवल्यानं परत टोचावं लागलेले पेशंट थोडे नाहीत.

प्रथिनं आणि एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) रक्ताशी ताडून बघायची रीत रिचर्ड लाइट यांची, १९७२ ची : पाण्यातली प्रथिनं रक्तातल्यांच्या निम्म्याहून जास्त, किंवा एलडीएच रक्ताच्या ०.६ पटीहून जास्त असलं की पाणी दाहाचं मानायचं, हृदयाचं किंवा किडनीचं नाही. टीबीत प्रथिनं बऱ्याचदा १०० मिलिला ५ ग्रॅमच्या वर असतात. पेशींत लिंफोसाइट जास्त, पण आजार नवा असेल तर पहिले काही दिवस न्यूट्रोफिल (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) दिसतात आणि न्यूमोनिया समजून फसायला होतं. मग एडीए, म्हणजे अ‍ॅडिनोसिन डीअमिनेज हे एन्झाइम. प्लुराच्या टीबीत ते वाढतं हे १९७८ मध्ये इटलीतून पुढं आलं. स्वस्त टेस्ट, साध्या कलरीमीटरवर होते, ४० युनिटच्या वर आणि सोबत लिंफोसाइट असतील तर आपल्याकडं टीबी धरून चालतात, दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरतं. पण छातीत पू झाला असेल तर, काही लिंफोमात (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरात), संधिवातात एडीए वाढतं, आणि २५० च्या वर गेलं तर टीबीपेक्षा पू किंवा लिंफोमाकडं आधी बघावं. उलट म्हाताऱ्यांत टीबी असूनही ते कमी येतं असं काही अभ्यास सांगतात. टेस्ट तालुक्याला होत नसेल तर बाटली बर्फात घालून बेळगावला पाठवायची, उन्हात टेबलावर ठेवून नाही. एकूण बघता, महागड्या मशीनपेक्षा पेशींची नीट मोजणी आणि एडीए यांची जोडी छोट्या दवाखान्याला जास्त कामाची वाटते.

उलटी चूकही तेवढीच होते. निपाणीकडं बिडीच्या कामात तंबाखूची धूळ, बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्रीत वाळूची, त्यामुळं खोकला आला की 'धुळीचा आहे' म्हणून महिनेच्या महिने जातात, आणि पाणी दिसलं की मग एकदम टीबीच. सिलिकाची धूळ टीबीचा धोका वाढवते हे खरंच आहे. पण पन्नाशीच्या पुढं, लालसर पाणी, काढलं की आठवड्यात परत भरणारं, असं असेल तर कॅन्सर वगळल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत. एचआयव्ही आणि शुगर सगळ्यांची तपासायची.

प्लुराचा तुकडा काढून तपासणं हे तालुक्याला होत नाही. अ‍ॅब्रम्सची सुई १९५८ ची, दुर्बिणीनं काढलेला तुकडा सगळ्यात खात्रीचा. त्यासाठी बेळगावला बिम्स (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा केएलई हॉस्पिटल, अथणी-चिकोडीकडचे मिरजेला आणि निपाणीचे कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्याला जातात. मिरजेचं मिशन हॉस्पिटल मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये काढलं, तेव्हापासूनची ही वाट आहे, १९५६ ला मध्ये राज्याची हद्द आली तरी पेशंटांनी ती सोडली नाही. निक्षय या टीबी पेशंटांच्या सरकारी पोर्टलवर नोंद कुठल्या राज्यात झाली तरी आयडी तोच राहतो, पण गावच्या आशाताईला ट्रान्सफर कळलं नाही तर माणूस दोन्हीकडच्या यादीत असून कुणाच्याच हातात नसतो.

औषध फुप्फुसाच्या टीबीचंच, सहा महिने, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढं चार महिने तीन. स्टेरॉइड सगळ्यांना द्यायची गरज नाही. गोळ्या सुरू असताना सुरवातीला पाणी थोडं वाढूही शकतं, तेवढ्यावरून निदान चुकलं म्हणून गोळ्या बंद करत नाहीत. आणि गोळ्या न घेताही दोन-चार महिन्यांत पाणी जिरतं, माणूस शेताला जायला लागतो, देवाला नारळ फोडतो, इथंच घोटाळा होतो : १९५५ मध्ये छापलेल्या अमेरिकी सैनिकांच्या एका अभ्यासात औषधाविना पाणी गेलेल्यांपैकी ६५ टक्क्यांना पुढच्या काही वर्षांत टीबी परत उलटला, बऱ्याच जणांच्या थेट फुप्फुसात.